सभागृहातली प्रार्थना कुणाची?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

अमेरिकेच्या सिनेटचा कामकाजाचा दिवस प्रार्थनेनं सुरू होतो. प्रतिनिधीगृहातही तीच रीत आहे. सभागृहानं पगार देऊन नेमलेला धर्मगुरू, ज्याला तिथं चॅप्लेन म्हणतात, तो उभा राहतो किंवा एखाद्या पाहुण्या धर्मगुरूला उभं करतो. मिनिट-दोन मिनिटं माना झुकतात, ‘आमेन’ होतं आणि मग विधेयकं, दुरुस्त्या आणि आरोप-प्रत्यारोप यांना तोंड फुटतं.

कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही, असं ज्या देशाच्या घटनेत लिहिलंय. काँग्रेसनं धर्मसंस्था स्थापन करणारा कायदा करू नये, असं ज्या देशानं पहिल्याच घटनादुरुस्तीत बजावलंय, त्या देशातली ही रीत आहे. हे दोन्ही एका घरात कसं नांदलं? आणि नांदलं, तर कुणाला किती जागा मिळाली? हा आजचा विषय. सव्वादोनशे-अडीचशे वर्षांची ही गोष्ट आहे आणि तिच्यात देवापेक्षा माणसंच जास्त आहेत.

सुरुवात फिलाडेल्फियात होते. सप्टेंबर १७७४. इंग्रजांच्या अमेरिकी वसाहतींचे प्रतिनिधी कारपेंटर्स हॉलमध्ये पहिल्यांदाच एकत्र जमले होते. दुसऱ्या दिवशी मॅसेच्युसेट्सच्या थॉमस कुशिंगनं सुचवलं, की सभेची सुरुवात प्रार्थनेनं व्हावी. लगेच विरोध झाला. न्यूयॉर्कचे जॉन जे आणि दक्षिण कॅरोलायनाचे रटलेज म्हणाले, आपल्यात एपिस्कोपेलियन आहेत, क्वेकर आहेत, प्रेस्बिटेरियन आहेत, काँग्रिगेशनलिस्ट आहेत. एकत्र उपासना करायची कशी? लक्षात घ्या, विरोध करणारे नास्तिक नव्हते. सगळे ख्रिस्तीच होते. पण ख्रिस्ती प्रार्थना म्हणजे नेमकी कोणत्या ख्रिस्त्यांची, हा प्रश्न सुरुवातीलाच उभा राहिला.

तेव्हा सॅम्युअल ॲडम्स उठला. तो कट्टर प्युरिटन वळणाचा. तो म्हणाला, मी धर्मवेडा नाही; माणूस सद्गुणी असेल आणि देशाचा मित्र असेल, तर कुणाचीही प्रार्थना मी ऐकू शकतो. आणि त्यानं नाव सुचवलं ते जेकब डुशे या अँग्लिकन धर्मगुरूचं, म्हणजे ज्या पंथाशी त्याच्या पूर्वजांचं हाडवैर होतं त्या पंथातल्या माणसाचं. ७ सप्टेंबरला डुशे आपला झगा घालून आले आणि त्यांनी पस्तिसावं स्तोत्र वाचलं. बोस्टनवर इंग्रजांनी तोफा डागल्याची अफवा तेव्हा शहरात पसरली होती. शत्रूंपासून रक्षण मागणारं ते स्तोत्र ऐकताना सभा हेलावून गेली, असं जॉन ॲडम्सनं आपल्या बायकोला पत्रातून कळवलं.

या प्रसंगात मोठं मन होतं, यात शंका नाही. सरकारी प्रार्थनेची बाजू घेणारे आजही या सकाळीपासून सुरुवात करतात. पण गोष्ट तिथं संपली नाही. १७७६ मध्ये डुशे काँग्रेसचे अधिकृत चॅप्लेन झाले. पुढच्या वर्षी इंग्रजांनी फिलाडेल्फिया घेतलं, त्यांना अटक झाली, सुटका झाली; आणि ऑक्टोबर १७७७ मध्ये याच डुशेंनी जॉर्ज वॉशिंग्टनला पत्र लिहिलं, की स्वातंत्र्याची घोषणा मागे घ्यायला लावा. वॉशिंग्टननं ते पत्र काँग्रेसकडे पाठवून दिलं आणि डुशे इंग्लंडला निघून गेले. मी त्यांना दोष देत नाही. भीतीपुढे भल्याभल्यांचे पाय लटपटतात. पण ‘देशाचा मित्र’ ही ॲडम्सनं घातलेली अट मला महत्त्वाची वाटते. राज्यसत्ता प्रार्थनेला आत बोलावते, तेव्हा ती तिच्यावर एक काम सोपवते. ते काम झालं नाही, की प्रार्थना करणारा गद्दार ठरतो.

१७८७ मध्ये याच शहरात घटना लिहिण्यासाठी परिषद भरली. महिना उलटला तरी छोट्या आणि मोठ्या राज्यांचं भांडण मिटेना. २८ जूनला ८१ वर्षांच्या बेंजामिन फ्रँकलिननं सुचवलं, की रोज सकाळी प्रार्थना करून कामाला लागू. काहींना वाटलं, इतक्या उशिरा प्रार्थना सुरू केली तर परिषदेत काहीतरी बिघडलंय असं बाहेर लोकांना वाटेल. विल्यमसननं तर सरळ सांगितलं, की धर्मगुरूला द्यायला पैसे नाहीत. मतदान न होताच सभा उठली. तीन-चार जण सोडले तर परिषदेला प्रार्थनेची गरज वाटली नाही, अशी नोंद फ्रँकलिननं स्वतः करून ठेवली आहे. अमेरिकेची घटना प्रार्थनेवाचून लिहिली गेली.

पण १७८९ मध्ये पहिली काँग्रेस भरली आणि तिनं दोन्ही सभागृहांसाठी चॅप्लेन नेमले. वर्षाला पाचशे डॉलर पगार ठरला. तो कायदा २२ सप्टेंबरचा. आणि तीनच दिवसांनी, २५ सप्टेंबरला, याच काँग्रेसनं धर्मस्वातंत्र्याची ती प्रसिद्ध दुरुस्ती मंजूर केली. हा तीन दिवसांचा फरक पुढं दोनशे वर्षांनी न्यायालयात फार मोलाचा ठरला.

चॅप्लेन नेमण्याची व्यवस्था ठरवणाऱ्या समितीत जेम्स मॅडिसनही होता. घटनेचा शिल्पकार म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. पुढं तो राष्ट्राध्यक्षही झाला. निवृत्तीनंतर त्यानं काही टिपणं लिहिली. ती छापली गेली थेट १९४६ मध्ये. त्यांत तो म्हणतो, की सरकारी चॅप्लेन हा समान हक्कांचा भंग आहे. बहुसंख्य सदस्य ज्याला निवडतील त्याच्याच पंथाची प्रार्थना होणार. ज्यांची श्रद्धा त्यांना त्या प्रार्थनेत भाग घेऊ देत नाही, त्यांच्यासाठी दार बंद. कॅथलिक धर्मगुरू कधी चॅप्लेन होण्याची आशा धरू शकेल का, असा त्याचा रोखठोक प्रश्न होता. सदस्यांना प्रार्थना हवीच असेल तर त्यांनी आपल्या खिशातून वर्गणी काढावी, प्रत्येकाला फारसा भार पडणार नाही, असंही त्यानं सुचवलं.

कॅथलिक धर्मगुरूबद्दलचा हा प्रश्न सिनेटनं १८३२ मध्ये एकदा सोडवला. प्रतिनिधीगृहात मात्र पहिला कॅथलिक चॅप्लेन यायला मार्च २००० उजाडावा लागला. तोही आधी एका कॅथलिक धर्मगुरूला डावलल्याच्या आरोपावरून बरंच वादळ उठल्यावर.

हे सगळं एका धर्माच्या आतलं. मग बाहेरच्यांचं काय? फेब्रुवारी १८६० मध्ये प्रतिनिधीगृहात पहिल्यांदा एका ज्यू धर्मगुरूनं प्रार्थना केली. १९९१ मध्ये तिथं पहिल्यांदा एका इमामानं दुआ मागितली. सप्टेंबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी तिथं भाषण करणार होते, त्या दिवशी एका हिंदू पुजाऱ्यानं प्रार्थना केली. आणि १२ जुलै २००७ रोजी राजन झेद सिनेटमध्ये हिंदू प्रार्थना म्हणायला उभे राहिले, तेव्हा प्रेक्षक गॅलरीतून तिघांनी आरडाओरडा केला. हा आमच्या देवाचा अपमान आहे, असा त्यांचा सूर होता. त्यांना अटक झाली आणि प्रार्थना पार पडली. सभागृह उदार वागलं. पण पाहुणा म्हणून एक दिवस बोलावणं वेगळं आणि घरचा म्हणून रोज वावरणं वेगळं, हे त्या गोंधळानं सगळ्यांना दाखवलं.

इथं जरा इंग्लंडकडे वळू, कारण तिथल्या गोष्टीत आपल्या मुंबईचा धागा आहे. ब्रिटिश संसदेत आजही बैठकीची सुरुवात अँग्लिकन प्रार्थनेनं होते. सदस्य बाकाकडे वळून भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. प्रार्थनेला हजर राहणाऱ्याला चिठ्ठी ठेवून आपली जागा राखता येते, त्यामुळे गर्दीच्या दिवशी भाविकांची संख्या वाढते, अशी थट्टा तिथं चालते. पण शपथेचा मामला थट्टेचा नव्हता. प्रार्थना आणि शपथ या सख्ख्या बहिणी. लायोनेल डी रॉथशिल्ड १८४७ मध्ये लंडनमधून निवडून आले. शपथेत ‘ख्रिस्ती माणसाच्या खऱ्या श्रद्धेनिशी’ असे शब्द होते. ज्यू माणसानं ते म्हणायचे कसे? आपल्या जागेवर बसायला त्यांना १८५८ साल उजाडलं. चार्ल्स ब्रॅडलॉ हा उघड नास्तिक १८८० मध्ये निवडून आला. त्याला शपथेऐवजी साधी प्रतिज्ञा घ्यायची होती. त्यालाही परवानगी मिळाली नाही आणि पुढं शपथ घेतो म्हटलं तर तीही घेऊ देईनात. बिग बेन घड्याळाच्या मनोऱ्यात त्याला कोंडलं गेलं. लोक त्याला पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले. १८८६ मध्ये तो आत गेला आणि १८८८ मध्ये त्यानं प्रतिज्ञेचा हक्क सगळ्यांसाठी कायद्यात आणला.

हाच ब्रॅडलॉ १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला होता. संसदेत तो हिंदुस्थानची बाजू मांडायचा, म्हणून त्याला ‘हिंदुस्थानचा सदस्य’ म्हणत. १८९१ मध्ये तो वारला तेव्हा लंडनमध्ये शिकणारा मोहनदास गांधी नावाचा तरुण त्याच्या अंत्ययात्रेला गेला होता. रामनाम घेणारा मुलगा नास्तिकाला निरोप द्यायला जातो, हे मला फार आवडतं. आणि १८९२ मध्ये मुंबईचे दादाभाई नौरोजी त्याच संसदेत निवडून गेले, तेव्हा त्यांनी बायबलवर नव्हे, अवेस्तावर हात ठेवून शपथ घेतली. रॉथशिल्डनं अकरा वर्षं दारात काढली आणि ब्रॅडलॉनं कोठडी भोगली, त्यामुळे दादाभाईंची वाट सोपी झाली होती. ११५ वर्षांनी, जानेवारी २००७ मध्ये, अमेरिकी काँग्रेसमधला पहिला मुस्लिम सदस्य कीथ एलिसन यानं शपथविधीच्या समारंभात कुराणाची जी प्रत हातात घेतली, ती राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या संग्रहातली होती.

आता न्यायालयाकडे येऊ. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या विधिमंडळात १९६५ पासून एकच प्रेस्बिटेरियन धर्मगुरू रॉबर्ट पामर चॅप्लेन होते. पगार महिना ३१९ डॉलर आणि ७५ सेंट. अर्नी चेंबर्स या कृष्णवर्णीय आमदारानं या प्रथेविरुद्ध दावा लावला. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी प्रथेच्या बाजूनं निकाल दिला. मुख्य न्यायमूर्ती बर्गर यांचा मुद्दा सोपा होता : ज्या काँग्रेसनं तीन दिवस आधी चॅप्लेनचा पगार ठरवला, तिलाच आपण केलेली दुरुस्ती चॅप्लेनच्या विरोधात आहे हे कळलं नसेल का? विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती ब्रेनन यांनी एक दुर्मीळ गोष्ट केली. वीस वर्षांपूर्वी आपण अशा प्रार्थना चालतील असं सुचवलं होतं. विचारांती ती आपली चूक होती, असं त्यांनी निकालपत्रात लिहिलं. पामर यांच्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. १९८० मध्ये एका ज्यू आमदारानं तक्रार केली, तेव्हा त्यांनी प्रार्थनेतून ख्रिस्ताचं नाव काढून टाकलं. सभ्य गृहस्थ असावेत. पण धर्मगुरूनं आपल्या प्रभूचं नाव गाळून प्रार्थना करायची, ही तरी त्यांच्या श्रद्धेची कदर म्हणायची का?

दुसरा खटला २०१४ चा. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरजवळ ग्रीस नावाचं गाव आहे. लोकसंख्या सुमारे ९४ हजार. तिथल्या नगर मंडळानं १९९९ पासून मासिक सभेत प्रार्थना सुरू केली. गावातल्या प्रार्थनामंदिरांची यादी घेऊन कर्मचारी फोन करायचे. यादीत जवळजवळ सगळी चर्चच होती. मग काय, कित्येक वर्षं एकामागून एक ख्रिस्ती धर्मगुरूच आले. एक ज्यू आणि एक नास्तिक अशा दोन नागरिक स्त्रियांनी हरकत घेतल्यावर २००८ मध्ये ज्यू, बहाई, इतकंच काय विक्कन पंथाची पुजारीणही येऊन गेली. पुढं पुन्हा मूळपदावर. न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी मंडळाला योग्य ठरवलं.

न्यायमूर्ती केनेडी यांचा एक युक्तिवाद मला मान्य करावासा वाटतो. प्रार्थना सर्वसमावेशकच असावी असा नियम केला, तर प्रत्येक प्रार्थनेतला कोणता शब्द ठेवायचा, कोणता गाळायचा हे सरकारी बाबू ठरवणार. ते आणखी वाईट. कवी म्हणून मी सांगतो, शब्दांवर कात्री चालवणाऱ्या कचेरीची भीती मलाही वाटते.

पण विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती एलेना केगन यांनी जे उदाहरण घेतलं, ते वाचून मी थांबलो. त्यांनी एक मुस्लिम बाई कल्पिली. ती गावची नागरिक आहे. मंडळापुढं एखादा परवाना मागायला किंवा आपलं म्हणणं मांडायला आली आहे. तिचा नंबर येण्याआधी मंडळानं बोलावलेला धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभा राहतो आणि देवाचा एकुलता एक पुत्र येशू याच्या नावानं प्रार्थना करायला सांगतो. आता ही बाई काय करील? सगळ्यांबरोबर मान झुकवली, तर आपल्या श्रद्धेशी खोटेपणा. बसून राहिली किंवा उठून बाहेर गेली, तर ज्यांच्याकडे परवाना मागायचा आहे त्याच पाच-सहा माणसांच्या डोळ्यांवर येणार. नेब्रास्कात आमदार आपसांत प्रार्थना करत होते; इथं अर्ज घेऊन आलेल्या सामान्य माणसाला त्यात ओढलं गेलं, हा केगन यांच्या मते मोठा फरक होता.

सरकारी कचेरीत अर्ज घेऊन उभं राहिलेल्या कुणालाही त्या बाईची अवस्था समजेल. टेबलापलीकडच्या माणसाचा मूड सांभाळत आपण किती वेळा हसतो, किती वेळा ‘हो साहेब’ म्हणतो! त्यात श्रद्धाही घालायची?

इंग्रजीत प्रार्थनेला बोलावताना ‘लेट अस प्रे’ म्हणतात. त्या ‘अस’मध्ये ऐकणारा आहे की नाही, हे इंग्रजी भाषा सांगत नाही. मराठी मात्र बोलणाऱ्याला मोकळं सोडत नाही. ‘आपण’ म्हणायचं की ‘आम्ही’, हे तुम्हाला ठरवावंच लागतं. ‘आपण’मध्ये समोरचा आत असतो, ‘आम्ही’मध्ये तो बाहेर राहतो. नगर मंडळाची सभा ‘आपण’ म्हणून भरते. रस्ता, पाणी, दिवाबत्ती सगळ्यांची. त्या सभेत येशूच्या, अल्लाहच्या किंवा रामाच्या नावानं प्रार्थना झाली, की तेवढ्यापुरतं ‘आपण’चं ‘आम्ही’ होतं. बहुसंख्यांना हा बदल ऐकू येत नाही. कारण त्यांचं ‘आपण’ आणि ‘आम्ही’ एकच असतं. मी शाळेत सगळ्यांबरोबर हात जोडून प्रार्थना म्हटली आहे आणि घरी हात पसरून दुआ मागितली आहे. दोन्हींनी मला दिलंच. पण दुआ मागताना माझ्या हजेरीची नोंद कुणी ठेवत नव्हतं, हेही तितकंच खरं.

इतर देशांनी वेगवेगळ्या वाटा काढल्या. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सागने शहराच्या परिषदेतली कॅथलिक प्रार्थना एकमतानं थांबवली. इंग्लंडमध्ये २०१२ मध्ये उच्च न्यायालयानं बिडफर्डच्या नगर परिषदेला सांगितलं, की प्रार्थना सभेच्या कामकाजाचा भाग करण्याचा अधिकार कायद्यानं तुम्हाला दिलेला नाही. तर संसदेनं २०१५ मध्ये कायदाच करून तो अधिकार देऊन टाकला.

आणि आपण? १७ ऑक्टोबर १९४९ रोजी आपल्या घटना समितीत हाच प्रश्न आला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून आलेले एच. व्ही. कामत यांनी सूचना मांडली, की घटनेची उद्देशिका ‘ईश्वराच्या नावानं’ अशी सुरू व्हावी. रोहिणीकुमार चौधरी म्हणाले, मग देवीच्या नावानं का नको? थानू पिल्ले यांनी विचारलं, ही श्रद्धेची सक्ती होणार नाही का? पूर्णिमा बॅनर्जी यांनी कामतांना विनवलं, की देवावर मतदान करण्याच्या पेचात आम्हाला टाकू नका. हृदयनाथ कुंझरूंनाही अंतःकरणातली पवित्र गोष्ट मताला टाकली जावी याचं वाईट वाटलं. कामत हटले नाहीत. हात वर झाले : बाजूनं ४१, विरोधात ६८. कामतांनी त्या दिवसाला काळा दिवस म्हटलं आणि देवानंच भारताला वाचवावं, असं उद्गारले.

कामतांची तळमळ खोटी नव्हती. त्यांनाही देव सगळ्यांचाच वाटत होता. पण त्याच घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत त्यांच्यासाठी जागा राहिली आणि त्यांच्या विरोधकांसाठीही : ज्याला हवं त्यानं ‘ईश्वरसाक्ष शपथ’ घ्यावी, ज्याला नको त्यानं ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’ करावं. निवड ज्याची त्यानं करायची. तिच्यात शेजारच्याला मान झुकवावी लागत नाही.

माझं मत विचाराल तर ते असं आहे. राज्यकर्त्यांनी प्रार्थना जरूर करावी. त्यांना तिची गरज आपल्यापेक्षा जास्त आहे. वॉशिंग्टनमधल्या संसदभवनात १९५५ पासून प्रार्थनेसाठी एक छोटी खोली आहे. ज्याला हवं तो तिथं जाऊन बसतो, आपल्या देवाशी बोलतो आणि घंटा झाली की सभागृहात येतो. दोन्हींचा मान राहतो. सभागृहात मात्र, परवान्यासाठी आलेल्या त्या बाईचा नंबर पुकारला जाईल तेव्हा तिनं थेट आपलं म्हणणं मांडावं आणि ते सगळ्यांनी ऐकावं.